उगाचच्या हाका

निहार आठल्येला त्या सकाळी फक्त शांत राहायचं होतं. तेवढ्यावर डिझाइनची पदवी मिळणार होती, आणि वृद्धाश्रमांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीतली नोकरीही. कपाळाला पट्टी बांधून तो परीक्षक यंत्रासमोर बसला. नीतीच्या पेपराला उत्तर खरं हवं आणि ते देताना मन सजग, स्थिर हवं, एवढाच नियम.

पदवीसाठी केलेली त्याची घंटी म्हाताऱ्या माणसांच्या हाका ऐकायची, उगाचच्या वाटतील त्या गाळायची आणि उरलेल्यांनाच वाजायची.

"एखादी खरी हाक गाळली जाईल?" यंत्राने विचारलं.

निहारने सरावाप्रमाणे श्वास घेतला, हळूच सोडला. "हो. कधीतरी जाईल."

पट्टीवरचा दिवा हिरवाच राहिला. उत्तीर्ण!

त्याच्या वर्गातली वैजयंती त्याच्याआधी ह्याच प्रश्नावर नापास झाली होती. घंटी दोघांनी मिळून बनवलेली, उत्तरही तेच. पण ते देताना तिचा आवाज कापला आणि दिवा लाल झाला.

"बये, श्वास तेवढा सांभाळायचास की!" बाहेर येऊन निहार म्हणाला.

"तुला खरंच काही वाटलं नाही?"

"वाटेल ते येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. दोन वर्षं दुसरं काय शिकलो गं आपण?"

"मी नाही शिकले," ती म्हणाली आणि पट्टी परत करायला गेली.

घंटी वृद्धाश्रमात बसली. पदवी निहारला मिळाली, शाबासकी कॉलेजला, आणि वैजयंतीचं वर्ष गेलं. उरलेली किंमत तिथे राहणाऱ्या सुलोचनाबाई पेठ्यांनी मोजली. न्हाणीघरात पडून त्या दुपारभर हाका मारत होत्या. आश्रमातल्या मावशी संध्याकाळचा चहा घेऊन आल्या, तेव्हा सुलोचनाबाईंचा आवाज थांबलेला होता.