रुबिनाची भूमिका

“झोया, तू पेशंट हो. रुबिना. पाचवं बाळंतपण,” क्रांती मॅडम म्हणाल्या.

झोया पुढं जाऊन खुर्चीत बसली. या महिन्यात ती तिसऱ्यांदा रुबिना झाली होती. सांगलीच्या त्या नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला चाळीस मुली होत्या, पण रुबिना व्हायची पाळी दुसऱ्या कुणावर आली नव्हती. नर्स मात्र दर वेळी नवी असायची.

आजचा विषय मॅडमांनी स्वतः फळ्यावर लिहिला होता : न दिसणारा भेदभाव. नर्सच्या बोलण्यातलं टोचणारं वाक्य पकडायचं आणि तिला तिथंच थांबवायचं. “शिवी कुणालाही कळते. गोड बोलण्यातला काटा ओळखता आला पाहिजे,” मॅडमांनी बजावलं होतं.

नर्स झाली होती प्रांजल, होस्टेलवर झोयाच्याच खोलीत राहणारी.

“काय होतंय, ताई?”

“सकाळधरनं पोटात लय दुखतंय, सिस्टर.”

“थांब,” मॅडमांनी हात वर केला. “अगं, हिंदीत बोल. तुमच्या बायका बोलतात तशी. खरं वाटायला पाहिजे.”

मागच्या बाकावर खसखस पिकली.

“मॅडम, आमच्या घरात मराठीच बोलतात,” झोया म्हणाली. वाईला बांगड्या भरणाऱ्या तिच्या आजीला, अख्तरबीला, भांडतानासुद्धा हिंदी सुचत नसे.

मॅडम मायेनं हसल्या. “तुझं वेगळं आहे गं. तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.”

झोयाची कानशिलं तापली. तीन वर्षं ती हे वाक्य गिळत आली होती. मेसमध्ये, वॉर्डात, पहिल्या नंबराचं बक्षीस घेताना. बोलणारं माणूस दर वेळी प्रेमानंच बोलायचं, त्यामुळं भांडताही यायचं नाही.

ती उठली. खडू घेतला आणि मॅडमांच्या अक्षराखाली लिहिलं, ‘तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.’ खडू इतका दाबला की मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं पुढं, केसपेपरवर नोंदवतात तशी, वेळ लिहिली, ‘आज, सव्वाअकरा.’

“ओळखायचं होतं ना, मॅडम? ओळखलं. ‘त्यांच्यातली’ म्हणजे माझी आई, माझी आजी. त्या वाईट, म्हणून मी चांगली?”

मॅडमांचा चेहरा लाल झाला.

“मी कौतुकानं म्हणाले. जागेवर बस, झोया,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी डस्टर उचललं. “आणि इंटर्नलचे मार्क अजून माझ्याकडं आहेत, हे विसरू नकोस.”

झोया बसली नाही.

मॅडम फळ्याकडं वळल्या, तर मध्ये प्रांजल उभी होती. फळ्याला पाठ लावून.

“पुसू नका, मॅडम,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी मीपण तिला हेच म्हणाले होते. ती हसली. मला वाटलं, तिला आवडलं.”