नव्या चुलीवरचं दूध

महाराष्ट्र झाला त्या साली वाटण्या झाल्या, तेव्हा सत्यभामाबाईंनी हट्टानं जळगाव जामोदचं बाजारातलं घर घेतलं आणि आजेसासऱ्यांचा ओसाड मळा धाकट्या जावेच्या गळ्यात मारला. आता तोच मळा पाहून त्यांच्या पोटात दुखत होतं. बुजलेली विहीर उपसलेली, गोठ्यावर कवेलूंचं नवं छप्पर, पडक्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. त्यात आणखी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मोठ्या तुमी. नव्या चुलीवरचं पयलं दूध तुमच्याच हातानं उतू जाऊ द्या." दूध चढू लागलं. उतू गेलं की बरकत! हिच्या घरात? सत्यभामाबाईंनी झटकन चुलीतलं लाकूड ओढलं. दूध काठावरून खाली बसलं. धाकटीनं डोळ्यांना पदर लावला अन् ती जमलेल्या बायकांकडं वळून म्हणाली, "पाह्यलं? जाऊबाईले हे घर अजून आपलंच वाटते. लोकाचं दूध कोणी वाचवते काय?" जळतं लाकूड कुठं ठेवावं, सत्यभामाबाईंना सुचेना.