थेंबाचा उजेड

देवदत्त दारात उभा राहिला तेव्हा सयाजीराव ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. वर्षापूर्वी ज्यांच्या मरणाचा आकडा त्याने स्वतः सही करून पाठवला होता, तेच आज त्याला म्हणाले, "आवं, सांगलीचं डाक्टर, या की. आदी पानी घ्या."

"डॉक्टर नाही हो काका. मी नुसता तपासणीवाला."

अंगणात बाजेवर सयाजीरावांचा धाकटा भाऊ अर्जुना पालथा पडला होता. त्याची बायको हरणाबाई त्याच्या कमरेला तेल चोळत होती. माणूस बराच वाळला होता.

"कंबर धरलीया," तो तसाच हसत म्हणाला. "उसाच्या मोळ्या उचलल्या, दुसरं काय."

"जपा जरा," देवदत्त म्हणाला आणि ओसरीवर टेकला.

सांगलीच्या लॅबोरेटरीत ते यंत्र त्यानेच हट्टाने आणवलं होतं. थेंबभर रक्त घ्यायचं, रसायन मिसळायचं, त्यातून वीज सोडायची. रोगाची खूण असेल तर थेंब उजळतो. जेवढा उजेड, तेवढा मोठा आकडा. विहिरीत चिमूटभर मीठ टाकलं तरी याला कळेल, असं तो येईल त्याला सांगायचा. नव्या सुनेचंसुद्धा कुणी इतकं कौतुक करत नाही.

सयाजीरावांना लघवीचा त्रास होता. साताऱ्याच्या दवाखान्यात रक्त काढलं, ते बर्फात घालून एसटीने सांगलीला आलं. थेंब असा उजळला की देवदत्तने तपासणी दुसऱ्यांदा केली. आकडा तोच. प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या गाठीचा कॅन्सर असावा, पसरला तर कंबरेच्या हाडात उतरतो, असं लॅबोरेटरीच्या डॉक्टरांनी कळवलं.

रहिमतपूरच्या या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. म्हाताऱ्याचे डोळे मिटायच्या आत नातीचे हात पिवळे करू, असं घरात ठरलं. मयूरीची बारावीची परीक्षा राहिली आणि अक्षता पडल्या.

लग्नानंतर सयाजीराव सांगलीला आले. गुंगी देऊन गाठीचा तुकडा काढला, तो निर्मळ निघाला. रक्त पुन्हा घेतलं तेव्हा अर्जुना भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. या खेपेला थेंब उजळलाच नाही.

घरच्यांनी पेढे वाटले. डॉक्टरांनी यंत्रावर कापड टाकलं. "आपल्याकडच्या विजेवर असली नाजूक वस्तू चालायची नाही," म्हणाले. दुधाने तोंड पोळलं होतं, ते आता ताकही फुंकून पिऊ लागले. रक्तातली साधी साखरसुद्धा दोनदोनदा तपासायला लावायचे. देवदत्तने मान डोलावली. पण त्या मुलीची बुडालेली परीक्षा काही त्याच्या मनातून जाईना. कुणाची पोर शाळेच्या गणवेशात दिसली तरी त्याला अपराध्यासारखं व्हायचं. शेवटी आज तो मिरज-पुणे पॅसेंजरमध्ये बसला.

"काका, माझ्यामुळे तुमच्या नातीचं शिक्षण गेलं," तो एकदाचा बोलला. "यंत्र चुकलं आणि मी त्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला. माफी मागायला आलोय."

सयाजीरावांनी मूठभर सोललेले दाणे त्याच्यापुढे सरकवले.

"पोरगी रडली लय," ते म्हणाले. "नर्स व्हायाचं व्हतं तिला. आता काय, पाळना हलतोय. पर तुमी काय मुद्दाम केलं न्हाई."

देवदत्तने रुमाल काढून डोळ्यांना लावला. पाहुणा माणूस आपल्या ओसरीवर रडतोय, हे म्हाताऱ्याला बघवलं नाही. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आवाज खाली आणला.

"यंत्राला तरी किती बोल लावायचा? थोडी लबाडी आमचीबी हाय. घरात कुनाला ठावं न्हाई, तुमी हसू नका. सुईचं मला ल्हानपनापास्नं लय भ्या. साताऱ्याला माजं नाव पुकारलं, आन् माजं पायच उचलंनात. तवा अर्जुना म्हनला, दादा, सख्खं भाऊ आपुन, रगत एकच की. आन् माज्या जागी त्योच जाऊन बसला."