मधला अंगठा

राहीने अर्जाच्या कागदावर पितळी उपडी घातली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवून गोल काढला.

"ह्या गोलावर समद्यांनी अंगठं उठवायचं. म्हंजे पयली कोन नि शेवटची कोन, डागदरांस्नी कळनार नाय. माजा भाऊ मुंबैला गिरनीत हाय. तेंच्या युनियनीत असंच करतात."

धुण्याच्या खोलीत जमलेल्या आयांनी माना डोलावल्या. सोनूबाईने तेवढे नाक मुरडले.

बावीस वर्षे ती या धर्मादाय दवाखान्यात आया होती. निम्मी रत्नागिरी तिच्या हातांवर जन्मली. आणि देवरूखाकडची ही पोर, येऊन धड दोन वर्षे झाली नाहीत, चार अक्षरे येतात म्हणून अर्ज काय लिहिते, बायका तिच्या तोंडाकडे काय बघतात! परवापर्यंत साधी उचकी लागली तरी याच बायका सोनूबाईकडे धावत येत.  बरे, अर्जाला नाव ठेवायलाही जागा नव्हती. बाळंत झालेल्या आयेला सहाव्या दिवशी कामावर बोलावू नये, महिनाभर तिची जागा राखावी, एवढेच मागणे. बावीस वर्षांत हे आपल्याला कसे सुचले नाही, हेच तिला जास्त झोंबत होते.

शाई नव्हती. आयांतल्या सावित्रीने जखमांना लावायचे जांभळे औषध बशीत ओतले. एकेक करून तेरा अंगठे गोलावर उठले. सही येत असून राहीनेही अंगठाच उठवला. "गुनाची गो माजी बाय ती," म्हणून बायकांनी तिचे कौतुक केले.

सोनूबाईसाठी गोलावर जागा ठेवली होती. तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. अंगठा बुडवला आणि गोलाच्या बरोबर मधोमध दाबला.

"ह्ये काय केलंस गो?" सावित्री ओरडली.

"मी काय तुमच्या रांगंतली?"

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी चौदाही जणींना व्हरांड्यात उभे केले. कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. पहिला अंगठा कोणता, काही कळेना. मग त्यांचे बोट मधल्या ठशावर थांबले.

"बाकीची सगळी मेंढरं. ही पुढारीण. हिला आजपासून काम नाही. बोला, कुणाचा हा अंगठा?"

 सोनूबाईने हात पदराखाली घेतला. चौदाही अंगठे जांभळे होते, आपण बोललो नाही तर कळणार कुणाला? बायका खाली बघत राहिल्या. एकीनेही तिचे नाव घेतले नाही.

"माजा हाय, सायब," राही म्हणाली.

"वाटलंच होतं मला," डॉक्टर म्हणाले.

सोनूबाई सुटली होती. पण तिने बाजूला पाहिले, तर सावित्रीच्या डोळ्यांत पाणी. राहीसाठी! आता जन्मभर या बायका हिचेच नाव काढणार. सोनूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खोटं बोलत्ये ती!" बायकांना बाजूला सारत ती पुढे आली. "कालची पोर, तिला मधी कोन बसवील? त्यो अंगठा माजा हाय. ह्यो बगा अंगठ्यावरचा वन. नाळ कापताना कातर लागलेली."

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मधल्या ठशातून एक आडवी पांढरी रेघ गेली होती.

"सोनूबाई, तुम्ही?" त्यांचा आवाज उतरला. "अजून विचार करा."

तिने कमरेचा दवाखान्याचा पट्टा सोडून डॉक्टरांसमोरच्या टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरू लागली. मागे पावले वाजली. एक, दोन, मग पुष्कळ. सगळ्यांच्या आधी राही पोचली आणि तिच्या बरोबरीने चालू लागली.

"मागनं ये," सोनूबाई तिच्यावर खेकसली. "फुडं मी हाय."