डोक्यावरच्या दोन मात्रा

खांब गावच्या वाचनालयावर नवी पाटी ठोकून झाली, आणि तेवढ्यात बायजा हायवे ओलांडून आली. वालाच्या शेतातून तशीच उठून आली होती, पायांना माती होती. तिला पाहताच रोह्याच्या क्लबची मंडळी एकदम कामात गढून गेली. कुणी खुर्च्या सरळ केल्या, कुणी माइक फुंकून पाहिला. मेलेल्या पोरीच्या आईशी काय बोलायचं, ते कुठल्या क्लबात शिकवत नाहीत.

वाचनालय क्लबचंच. रस्त्याच्या या बाजूला एका सभासदाचा गाळा रिकामा पडला होता, तो फुकट मिळाला. वाचणारी मुलं सगळी पलीकडची, पण धर्माच्या गायीचे दात कोण मोजतो? गेल्या महिन्यात बायजाची अपेक्षा पुस्तक परत द्यायला निघाली आणि ट्रेलरखाली गेली. चौथीत होती. आज वाचनालयाला तिचं नाव द्यायचं होतं.

शेवटी वृंदाताई पुढे झाल्या. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. क्लबमध्ये मुलांना वाचायला शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"या बायजाताई. बसा ना पुढे."

बायजा बसली नाही. मान वर करून पाटी बघत राहिली. मग बोट हवेत धरून एकेक अक्षर लावलं.

"अ... पे... क्षा. येवढं मला तिनंच शिकवलंय. आनि ह्यो आदीचा क हाय. पन बाई, घरातल्या कागदावर ह्येच्या पायात कायतरी व्हतं. हितं डोक्यावर दिलंय."

घरातला कागद म्हणजे क्लबच्या वाचनस्पर्धेचं प्रमाणपत्र. सगळ्या मुलींच्या नावाआधी असतं तसं त्यावर 'कु.' होतं. ते वृंदाताईंनीच वळणदार अक्षरात लिहिलेलं. पाटीचा मजकूरही त्यांनीच करून दिला होता. जन्मभर त्यांनी पोरांकडून उकार आणि मात्रा गिरवून घेतल्या, पण हे समजावून सांगायची पाळी कधी आली नव्हती.

"ते 'कै' आहे," त्या म्हणाल्या. "कैलासवासी. माणूस गेलं की नावाआधी लावतात."

बायजाने ते नीट ऐकून घेतलं.

"कैलासात कुठं गेली गो बाई ती? हितं गेली. ह्या रोडवर."

अध्यक्ष अंबरीश लगबगीने आले. चांगला माणूस, पण कुणी रडायला लागलं की त्याला व्यवस्थेत गडबड झाल्यासारखं वाटे.

"पाटी बदलून देतो आम्ही, ताई. दोन दिवसांत."

"पाटी ऱ्हाऊ दे," बायजा म्हणाली. "पुस्तकं आमच्या बाजूला न्या. देवळाच्या पडवीत ठेवा, मी झाडून घेतलीय. माजी गेली ती गेली, पन बाकीची पोरं हायत ना अजून. त्यांना ह्यो रोड ओलांडाय लावू नका."

"बघू ना. पुढच्या मीटिंगला विषय घेतो. आज पाहुणे यायचेत."

'बघू' म्हणजे नाही, एवढं कळायला बायजाला अक्षरओळखीची गरज नव्हती. तिने मान फिरवली. पलीकडे रस्त्याच्या कडेला मुलं जमली होती, धुतलेल्या गणवेशात, एकमेकांचे हात धरून. समारंभाला मुलं हवीत म्हणून क्लबनेच निरोप धाडला होता. आणायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

"मागं सरा!" बायजा किंचाळली आणि पळत सुटली.

गाड्यांमधून ती पलीकडे कशी पोचली, ते वृंदाताईंना दिसलं नाही. एक कंटेनर गेला, मग दिसली. दोन्ही हात पसरून उभी होती आणि मुलं तिच्या पाठीशी होती.

"अंबरीशराव, देवळाच्या पडवीला मीटिंग कशाला लागते?"

"वृंदाताई, प्लीज. आता नको."

वृंदाताईंना स्वतःचाच संताप आला. हा गाळा पक्का झाला तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यांनी वाजवली होती. त्या आत गेल्या, हातांत मावतील तेवढी गोष्टींची पुस्तकं उचलली आणि रस्त्याकडे चालू लागल्या. मागून कुणीतरी हाक मारली, पण त्या थांबल्या नाहीत.

रोह्याहून त्या नेहमी गाडीने येत आणि गाळ्याच्या दारात उतरत. हा रस्ता त्यांनी एकदाही ओलांडला नव्हता. बराच वेळ उभं राहून मोकळी जागा दिसली, तशा त्या निघाल्या. चार पावलं गेल्या असतील, कोलाडकडून ट्रेलर आला. भोंग्याने त्या दचकल्या आणि हातातला गठ्ठा निसटला. पुस्तकं डांबरावर पसरली. वरच्या पुस्तकाची पानं फडफडू लागली.

वृंदाताई वाकल्या. पुस्तक पायदळी येऊ द्यायचं नाही, पडलं तर आधी उचलायचं, कपाळाला लावायचं आणि मग पुढे जायचं. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या पहिल्या दिवशी हेच शिकवत.

"उचलू नका!" पलीकडून बायजाचा आवाज फाटला. "पडू दे ती, बाई, मागं व्हा! माजी पन उचलायलाच वाकली व्हती!"