नवमीचे ठोके

“पण मी तुझ्यासमोर बसलेय ना?” द्रुपदाबाई घरतांनी तिसऱ्यांदा विचारलं.

आरोग्य केंद्रातल्या पल्लवी सिस्टरने पडदा त्यांच्याकडे वळवला. द्रुपदाबाईंच्या छातीतल्या हृदययंत्राचा आलेख त्यांच्याच हट्टामुळे तिथीप्रमाणे दिसत होता. अष्टमीला ठोके होते, दशमीला होते, नवमीला शून्य.

“आजी, संगणक म्हणतोय, तुम्ही नवमीला वारलात. मेलेल्या माणसाचं हृदययंत्र तो संध्याकाळी सहाला बंद करतो.”

“अगं, नवमीचा क्षय होता! अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी थेट दशमी. जो दिवस उगवलाच नाही, त्या दिवशी मी मरेन कशी?”

“मग इंग्रजी तारखा लावू. ठेवा अंगठा.”

संगणकाने अंगठा नाकारला. मृत व्यक्तीचा अंगठा त्याला चालत नव्हता. पावणेसहा वाजले होते.

पल्लवीने कपाळावर हात मारला आणि नवी नोंद उघडली: मुलगी, जन्म आज, वजन अठ्ठावन्न किलो. हृदययंत्र त्या नोंदीवर चढवताच पडद्यावर ठोके उमटले. पाठोपाठ सूचनाही आली. पोलिओचे थेंब पाजल्याशिवाय नोंद पक्की होणार नव्हती.

“हसू नकोस, भवाने,” द्रुपदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.