मृत्यू वीस पावलांवर

मागची पावलं अजून तेवढ्याच अंतरावर होती. वीस पावलं. जवळही येत नव्हती, लांबही जात नव्हती. तिनं वळून पाहिलं नाही. भुताखेतांची सोंगं घेऊन धावायच्या या पाच किलोमीटरच्या हॅलोविनच्या दौडीत सगळ्यांच्या शेवटी कोण धावतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मृत्यू धावतो. काळा झगा, कवटीचा मुखवटा आणि हातात पुठ्ठ्याचा भला मोठा कोयता. तो ज्याला ओलांडून पुढे जाईल, तो मेला. मेलेल्यानं छातीवरचा नंबर काढायचा आणि मागून येणाऱ्या गाडीत मुकाट्यानं जाऊन बसायचं.

मृत्यू कोणी व्हायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं. यंदा चिठ्ठी निघाली ती नेमकी तिच्या दिराची. बस डेपोत मेकॅनिक असलेला, घरातला सगळ्यात दांडगा माणूस. आणि तिला फुलासारखं जपण्यातही सगळ्यात पुढे तोच.

जपण्याचं हे प्रकरण गेल्या वर्षीपासूनचं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केस गेले, पुन्हा आले. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "झालं, आता तुम्ही मोकळ्या." डॉक्टरांनी सोडलं, माणसांनी मात्र सोडलं नाही. पडद्यांच्या दुकानात ती सोळा वर्षं कापड बेतत होती. तिची कात्री म्हणजे सुतासारखी सरळ. मालकांनी मोठ्या मायेनं तिला बेतायच्या टेबलावरून उठवलं, खिडकीपाशी गादीची खुर्ची दिली आणि पडद्यांना हुक लावायला बसवलं. घरी नवरा दुधाची पिशवी उचलू देईना. दीर तर जिन्यात तिच्या पाठोपाठ चढायचा, पडलीच तर झेलायला. कोणाचंच काही चुकत नव्हतं, म्हणून तर कोणावर ओरडताही येत नव्हतं. तिचा जीव गुदमरून गेला होता.

चालायला जाते असं घरी सांगून ती सहा महिने रोज सकाळी धावली. हाताला घड्याळ कधी लावलं नाही. आकडा वाईट निघाला तर उरलीसुरली हिंमतही जाईल, अशी भीती होती. पडद्याच्या उरलेल्या अस्तरातून तिनं हडळीचा झगा स्वतः बेतला, स्वतः शिवला. तिला पहिलं यायचं नव्हतं. कोणाचा हात न धरता, कोणाची मेहरबानी न घेता, एकदा दौडीच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं होतं. एवढंच.

सकाळी दौड सुटण्याआधी तिनं दिराला बाजूला घेऊन बजावलं होतं, "भावजी, सूट द्यायची नाही. गाठलंत तर गाठलंत."

"नाही देणार, वहिनी. शप्पथ," तो म्हणाला, आणि लगेच खाली वाकून त्यानं तिच्या बुटाची नाडी घट्ट बांधून दिली. अशा माणसाच्या शपथेवर काय विश्वास ठेवायचा?

पुलापर्यंत त्यानं चांगलाच धुमाकूळ घातला. फोटो काढत रेंगाळलेल्या दोन चेटकिणी गेल्या. भोपळा झालेला खाटीक गेला. शाळेचे हेडमास्तर रक्तपिशाच्चाचे नकली दात सावरत धावत होते, तेही गेले. प्रत्येक वेळी मागून "मेलो रे!" अशी आरोळी आणि हशा ऐकू यायचा. पुलानंतर मात्र दोघांच्या मध्ये कोणी उरलं नाही. आता तिचीच पाळी होती. ती वाट बघत राहिली आणि पावलं वीसवरच राहिली.

गोदामांचा लांबलचक रस्ता संपला, तरी वीस. दवाखान्याच्या चढावर तर ती तीस झाली. चढ आहे म्हणून जरा जास्तच दया! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिलेला शब्द एक तास पाळता येऊ नये माणसाला? रागाच्या भरात तो चढ कधी संपला, तेही तिला कळलं नाही.

शेवटच्या वळणावर सगळं दिसायला लागलं. पांढरी रेषा, भोंग्यावर पुकारली जाणारी वाचलेल्यांची नावं, कठड्याला टेकून हात हलवणारा नवरा, त्याच्या शेजारी उड्या मारणारी लेक. जेमतेम दोनशे पावलं. कोणाला काही कळलं नसतं. तिला मात्र कळलं असतं, आणि उद्यापासून त्या गादीच्या खुर्चीवर बसताना रोज आठवलं असतं.

ती थांबली. भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून मागे वळली. "पुढे व्हा, भावजी!" ती ओरडली. "मेलेलं चालेल मला. असं सोडून दिलेलं नाही चालणार!"

मृत्यू आला, पण पुढे गेला नाही. तिच्यासमोर येऊन दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला. कोयता हातातून गळून पडला. एक बोट वर करून त्यानं थांबायची खूण केली. मग कवटी ओढून डोक्यावर सरकवली. खालचा चेहरा लालबुंद झाला होता, केसांतून घाम निथळत होता आणि छाती भात्यासारखी चालली होती.

"सूट कसली देतोय, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "पुलापासून जीव तोडून पळतोय मी, तुम्ही हाताला लागतच नाही!"